कोणताही एक क्ष

ज्या गोष्टीविषयी कोणाचेही दुमत नाही, जी डोळ्यांना दिसते आणि मनालाही पटते, तीच गोष्ट कागदावर सिद्ध करून दाखवण्याची सक्ती झाली म्हणजे तरुण मनुष्याला तो निव्वळ छळ वाटतो. आणि महाविद्यालयात गणित हा विषय घेतलेल्या आम्हा मुलांची संचांच्या सिद्धतांशी पहिली गाठ पडली ती अशाच छळाच्या भावनेने. शाळेतून आम्ही जे गणित बरोबर घेऊन आलो होतो ते उत्तराचे गणित होते. उदाहरण असे, त्याची रीत असे, आणि रीत शेवटास गेली की हाती एक उत्तर येई, जे पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर छापलेल्या उत्तराशी ताडून पाहिले म्हणजे जीव भांड्यात पडे. भूमितीत प्रमेये होती, ती पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता अशा मथळ्यांखाली लिहावी लागत, हे सगळे खरे. परंतु ती बहुतेकांनी मुखोद्गत केलेली असत, आणि परीक्षकाने त्रिकोणाच्या शिरोबिंदूंची अक्षरे बदलली की निम्म्या वर्गाचे पायथागोरसशी असलेले सख्य तत्काळ संपुष्टात येई. सिद्धता ही ज्याची त्याने रचावयाची वस्तू आहे, ही कल्पनाच आम्हांला नवी होती.

आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर पहिले विधान लिहिले ते असे : अ हा ब चा उपसंच असेल, तर अ आणि ब यांचा छेद अ एवढाच असतो. एवढे लिहून त्यांनी खडू खाली ठेवला आणि सिद्ध करा म्हणून सांगितले. पुढच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "सर, हे तर उघडच आहे." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "उघड आहे ते मलाही दिसते. ते कशामुळे उघड आहे, तेवढेच लिहा." मग वहीवर माना वाकल्या, आणि ज्या गोष्टीचे कारण आपल्याला पक्के ठाऊक आहे अशी आपली समजूत असते तिचे कारण लिहावयास बसले की पहिल्याच शब्दापाशी लेखणी कशी अडते, याचा प्रत्यय सगळ्यांना एकदमच आला. कोणी लिहिले की, अ हा ब च्या पोटातच आहे, तेव्हा दोघांत समाईक जे असेल ते अ खेरीज दुसरे काय असणार. कोणी एक मोठे वर्तुळ काढून त्याच्या आत लहान वर्तुळ काढले आणि शेजारी 'आकृतीवरून स्पष्ट' असा शेरा मारला. प्राध्यापकांनी यांपैकी एकालाही चूक म्हटले नाही. प्रत्येकाची वही हाती घेऊन त्यांनी एवढेच विचारले की, यात उपसंचाची व्याख्या कोठे आली आहे?

ती कोठेच आलेली नव्हती. अ हा ब चा उपसंच आहे म्हणजे अ चा प्रत्येक घटक ब चाही घटक आहे, आणि दोन संच समान आहेत म्हणजे त्यांतील प्रत्येक दुसऱ्याचा उपसंच आहे. या दोन व्याख्यांवाचून त्या विधानाविषयी आम्हांला अधिकृतपणे काहीच माहीत नव्हते, आणि बाकी जे माहीत होते ते सर्व अनधिकृत होते. मग त्यांनी स्वतः सिद्धता लिहिली. समजा, क्ष हा अ चा कोणताही एक घटक आहे. अ हा ब चा उपसंच असल्यामुळे क्ष हा ब चाही घटक आहे. म्हणजे तो अ मध्येही आहे आणि ब मध्येही आहे. अर्थात त्यांच्या छेदात आहे. उलटपक्षी, क्ष हा छेदात असेल, तर छेदाच्या व्याख्येनेच तो अ मध्ये आहे. सबब दोन्ही संच समान. चार-पाच ओळींचा हा मजकूर, ज्यात एकही संख्या नाही, एकही समीकरण सोडवलेले नाही आणि शेवटी उत्तर म्हणून अधोरेखित करावे असेही काही नाही, तो पाहून वर्गात जी नाराजी पसरली ती मला स्पष्ट आठवते. एवढ्यासाठी गणित घेतले काय, असा तिचा सूर होता.

त्या मजकुरातील पहिले वाक्य मात्र माझ्या मनात घर करून राहिले. हा क्ष कोण? त्याला नाव नाही, रूप नाही, गुण नाहीत. अ या संचात तो आहे, एवढीच त्याची काय ती ओळख. तो एकटा आहे, आणि तरीही त्याच्याविषयी जे शाबीत होईल ते अ मधील झाडून सर्व घटकांविषयी शाबीत झाले असे मानावयाचे आहे. हे कोणत्या न्यायाने? तर त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नाही, या न्यायाने. त्याच्या अंगी एखादा खास गुण आपण नकळत चिकटवला, तो सम आहे किंवा धन आहे असे मनाशी धरून चाललो, तर तो त्या गुणाच्या घटकांपुरताच बोलू लागेल आणि इतरांचे प्रतिनिधित्व करण्याचा त्याचा अधिकार तत्क्षणी नष्ट होईल. अनंत घटकांच्या संचाविषयी काही बोलावयाचे तर एकेक घटक तपासून आयुष्य पुरणार नाही, आणि थोडे तपासून बाकीच्यांविषयी अंदाज बांधला तर ती सिद्धता होणार नाही. या पेचातून माणसाने शोधून काढलेली वाट म्हणजे हा अनामिक क्ष. मला तर बीजगणिताच्या साऱ्या कारखान्यापेक्षा ही एक युक्ती अधिक मोलाची वाटते.

माझे एक चुलते तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसत. त्यांच्याकडे येणारा कुळवाडी पहिल्या वाक्यापासून 'साऱ्या गावाला ठाऊक आहे' असे म्हणत असे, आणि काका मान न उचलता त्याला सांगत की, गावाला ठाऊक असेल, पण मुन्सफसाहेबांना मिसलीत दाखल असेल तेवढेच ठाऊक असते. बांध कोणी फोडला हे साहेबांनी स्वतः पाहिले असले तरी त्यांना ते त्या खुर्चीवर बसून पाहिले असे म्हणता येत नाही. त्यासाठी साक्ष लागते, पंचनामा लागतो, दस्तऐवज लागतो. सिद्धतेची शिस्त मला त्या कचेरीच्या शिस्तीवरून उमगली. व्याख्या आणि गृहीत धरलेला पक्ष ही तेथील मिसल. त्यात जे दाखल नाही ते कितीही खरे असले तरी त्या दिवशी, त्या दाव्यात, ते खरे नाही.

आपल्याकडील नैयायिकांनीही वादाचे नियम अतिशय काटेकोरपणे बांधलेले होते, आणि त्यांचे पंचावयवी वाक्य, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन, हे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला संचांच्या सिद्धता वाचताना एका जागी ठेच लागल्यावाचून राहत नाही. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे; जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या मांडणीत स्वयंपाकघराचे स्थान शोभेचे नाही. दृष्टांत हा तेथे वाक्याचा हक्काचा अवयव आहे, आणि ऐकणाऱ्याने ज्याचा अनुभव घेतला आहे असे काही तरी दाखवल्याखेरीज अनुमान पुरे झाले असे मानले जात नाही. संचांच्या सिद्धतेत मात्र दृष्टांताला साक्षीदार म्हणून उभे राहण्याची मनाई आहे. अ मध्ये 1, 2, 3 घाला, ब मध्ये 1 ते 5 घाला, छेद काढून पाहा, तो 1, 2, 3 च येईल. अशी शंभर उदाहरणे दिली तरी शून्य गुण. व्याख्येच्या बाबतीत मात्र नैयायिकांचे आणि आमच्या प्राध्यापकांचे मेतकूट चांगले जमले असते, असे मला वाटते. अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे जे लक्षणाचे दोष त्यांनी सांगून ठेवले आहेत, ते आम्ही बांधलेल्या व्याख्यांत भरपूर सापडत.

उदाहरणाला एका कामाची मात्र पूर्ण मुभा होती, आणि ते काम म्हणजे विध्वंस. अ मधून ब वजा क काढून टाकणे आणि अ वजा ब मधून क काढून टाकणे, या दोन्हींचे फळ एकच, असे कोणी म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. तिन्ही संचांत केवळ 1 हा एकच घटक आहे असे घ्यावे. पहिल्या रीतीने 1 शिल्लक राहतो, दुसऱ्या रीतीने काहीच राहत नाही. खटला निकालात निघाला. शंभर अनुकूल उदाहरणांनी जे सिद्ध होत नाही ते एका प्रतिकूल उदाहरणाने कायमचे मोडते, हा पक्षपात आरंभी मला अन्यायाचा वाटे. पुढे सभांतून आणि वृत्तपत्रांतून 'सर्व' आणि 'नेहमी' या शब्दांची जी उधळण चालते ती ऐकताना या पक्षपाताची मला इतकी सवय होऊन गेली की, वक्त्याने आपल्या गावचा दाखला देऊन अखिल मानवजातीविषयी सिद्धांत मांडला म्हणजे मी शेजाऱ्याच्या कानाशी लागून एखादे गाव विरुद्ध बाजूने सुचवतो. या सवयीने मित्र वाढत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको.

आकृत्यांविषयी मात्र मी प्राध्यापकांइतका कठोर होऊ शकलो नाही. जॉन व्हेन या केंब्रिजच्या तर्कशास्त्रज्ञाने 1880 साली ज्या वर्तुळांचा पुरस्कार केला, ती वर्तुळे दोन आणि तीन संचांपर्यंत इतकी इमानेइतबारे सेवा करतात की, त्यांच्या साक्षीवर विसंबून राहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह मोडण्यासाठी प्राध्यापकांनी एके दिवशी आम्हांला चार संचांची आकृती वर्तुळांनी काढावयास सांगितली. चार संच असले की एखादा घटक त्यांतील कोणत्या संचांत आहे आणि कोणत्यांत नाही याचे 16 प्रकार संभवतात, आणि चार वर्तुळे कशीही मांडली तरी त्यांनी कागदाचे 14 हून अधिक भाग पडत नाहीत. म्हणजे दोन प्रकारांना आकृतीत जागाच उरत नाही, आणि आकृती मात्र त्याचा उच्चारही करीत नाही. व्हेनला स्वतःला हे ठाऊक होते, म्हणून चार संचांसाठी त्याने लंबवर्तुळे घेतली. हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की, ज्या पाठ्यपुस्तकांनी आकृत्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांनी विद्यार्थ्यांचे अकारण नुकसान केले. सिद्धता आकृतीत नसते, पण ती सुचते बहुधा तेथेच.

आणि सुचणे व लिहिणे यांतील अंतर हा तर त्या वर्षीच्या शिक्षणाचा गाभाच होता. अ चा छेद ब आणि क यांच्या संयोगाशी घेतला काय, किंवा अ चा छेद ब शी आणि क शी निरनिराळा घेऊन मग त्यांचा संयोग केला काय, संच एकच मिळतो, हे विधान सिद्ध करताना कच्च्या कागदावर आम्ही उलटे चालत असू. शेवटी काय हवे आहे? क्ष हा दोहोंपैकी एका छेदात असावयास हवा. त्यासाठी काय पुरेल? तो अ मध्ये असून शिवाय ब मध्ये किंवा क मध्ये असणे पुरेल. हे आपल्यापाशी आहे काय? आहे. असे साध्याकडून पक्षाकडे एकेक पाऊल मागे येत वाट सापडली की तो कागद बाजूला ठेवावयाचा, आणि पक्क्या वहीत जणू आपण मुळापासून सरळच चालत आलो अशा थाटात 'समजा, क्ष हा डावीकडील संचाचा कोणताही एक घटक आहे' येथून प्रारंभ करावयाचा. मग दोन पोटभेद : क्ष हा ब मध्ये असेल तर असे, क मध्ये असेल तर तसे; दोन्ही मार्गांनी मुक्काम एकच. तेवढ्यावर अर्धे काम होते, कारण उजवीकडून डावीकडे पुनश्च यावे लागते, आणि ही परतीची खेप 'त्याचप्रमाणे' या एका शब्दात उरकण्याची परवानगी आम्हांला सहामाही परीक्षेपर्यंत नव्हती. वाचणाऱ्याला त्या पक्क्या प्रतीत धडपडीचा मागमूसही दिसत नाही, आणि त्यामुळे प्रथम वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, ज्याला हे सुचले त्याला ते याच क्रमाने सुचले असले पाहिजे. गणिताविषयी सर्वसामान्य माणसाला वाटणाऱ्या धास्तीचे बरेचसे कारण या शिष्टाचारात आहे.

डी मॉर्गनच्या नियमांपाशी आलो तेव्हा वर्गात प्रथमच थोडी खुशी दिसली. संयोगाचा पूरक म्हणजे पूरकांचा छेद, आणि छेदाचा पूरक म्हणजे पूरकांचा संयोग. या दोन वाक्यांतील तोल कानालाही गोड लागतो, आणि सिद्धताही फार कष्ट देत नाही, कारण 'दोहोंपैकी कोठेही नाही' म्हणजे 'येथेही नाही आणि तेथेही नाही' हे प्रत्येकाला बोलता बोलता कळलेले असते. ऑगस्टस डी मॉर्गन हा 1806 साली मदुरेत जन्मला, तान्हेपणीच इंग्लंडात गेला, आणि अवघा एकवीस वर्षांचा असताना लंडनच्या नव्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. दिल्लीचे मास्टर रामचंद्र यांनी महत्तम आणि लघुत्तम मूल्यांविषयीचा आपला ग्रंथ 1850 साली कलकत्त्यात पदरमोड करून छापला होता. त्याची योग्यता ओळखून 1859 साली लंडनमध्ये तो पुन्हा छापला जावा म्हणून खटपट करणारा आणि त्याला विस्तृत प्रस्तावना जोडणारा गृहस्थ हाच. आमच्या क्रमिक पुस्तकात यातील अक्षरही नव्हते.

रिक्त संचाने मात्र सर्वांना पुनश्च जमिनीवर आणले. रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच आहे, हे विधान ऐकून वर्गात तर्कशास्त्राविषयी जो अविश्वास उत्पन्न झाला तो पुष्कळ दिवस टिकला. ज्यात काहीच नाही त्याचा प्रत्येक घटक दुसरीकडे आहे म्हणणे ही शुद्ध हातचलाखी आहे, असे आमच्यातील एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते, आणि तो पुढे वकील झाला. प्राध्यापकांचे उत्तर असे की, विधान खोटे आहे असे म्हणणाराने रिक्त संचातील एक तरी घटक असा हजर करावा, जो दुसऱ्या संचात नाही. तो हजर करता येत नाही. तेव्हा विधान खोटे नाही, आणि गणितात तिसरा निकाल नसतो. त्याच तर्काने दोन रिक्त संच परस्परांचे उपसंच ठरतात, म्हणजे समान ठरतात, म्हणजे रिक्त संच जगात एकच आहे. हे ऐकून मला जो आनंद झाला त्याचे कारण मला आजही सांगता येत नाही.

त्या रिक्त संचासाठी आम्ही जे चिन्ह काढीत असू, तिरप्या रेघेने छेदलेले शून्य, ते नॉर्वेजियन वर्णमालेतील एका अक्षरावरून आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाने सुचवले, आणि बूरबाकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच मंडळाच्या 1939 सालच्या पुस्तिकेतून ते जगभर गेले. हाच वेल 1930 ते 1932 या काळात अलीगढला प्राध्यापक होता. त्याने तेथे बोलावून घेतलेल्या तरुणांत गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी होते, ज्यांनी पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. वेलच्या चिथावणीने कोसंबींनी 1931 साली एक टिपण प्रसिद्ध करून त्यातील प्रमेयाचे श्रेय बूरबाकी नावाच्या, कधीही अस्तित्वात नसलेल्या एका रशियन गणितज्ञाला मोठ्या गांभीर्याने देऊन टाकले. फ्रान्समधील मंडळाने ते नाव धारण केले ते त्यानंतर. नसलेल्या माणसाविषयी काहीही म्हटले तरी ते खोटे पाडता येत नाही, हे तत्त्व त्या दोघांना चांगलेच अवगत असावे.

वर्षाच्या अखेरीस कँटरचे प्रमेय आले. जेमतेम तीन घटकांच्या संचाचे 8 उपसंच होतात, दहा घटकांच्या संचाचे 1024. पण संच अनंत असला तर त्याचे उपसंच त्याच्या घटकांहून अधिक आहेत असे म्हणण्याला काही अर्थ आहे काय, या प्रश्नाला हाले येथील जर्मन प्राध्यापक गेऑर्ग कँटर याने 1891 साली जे उत्तर दिले, ते आमच्या पहिल्या तासाच्या भाषेतच देता येते, ही त्यातील नवलाची गोष्ट. समजा, अ च्या प्रत्येक घटकाला अ चा एकेक उपसंच नेमून दिला आहे. जे घटक स्वतःला नेमून दिलेल्या उपसंचात नाहीत, तेवढ्यांचा संच द घ्या. द हाही अ चा उपसंचच. तो एखाद्या क्ष ला नेमून दिलेला असेल, तर तो क्ष स्वतः द मध्ये आहे काय? असेल, तर द च्या व्याख्येप्रमाणे तो तेथे नसला पाहिजे; नसेल, तर त्याच व्याख्येप्रमाणे तो तेथे असला पाहिजे. तेव्हा द कोणालाच नेमून दिलेला नाही, आणि नेमणूक कशीही केली तरी एक उपसंच बाहेर राहतोच. वाटेत अ सांत आहे की अनंत हे कोणी विचारलेदेखील नाही. एका अनंताच्या वर दुसरे, त्याच्या वर तिसरे, अशी कधीही न संपणारी चढण या सहा-सात वाक्यांतून उभी राहते, आणि त्यांतील एकही शब्द असा नाही की जो पहिल्या महिन्यात आमच्या कानांवरून गेला नव्हता.

याच सिद्धतेचा कीस पाडताना बर्ट्रांड रसेलला 1901 साली ती प्रसिद्ध विसंगती सापडली : जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे काय? जून 1902 मध्ये त्याने हे पत्राने गॉटलोब फ्रेगला कळवले, तेव्हा अंकगणिताचा पाया घालणाऱ्या फ्रेगच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. तो 1903 साली निघाला तो या आपत्तीची कबुली देणारे परिशिष्ट घेऊनच. 1908 साली त्सेर्मेलो याने जी गृहीतके मांडली, त्यांत कोणत्याही गुणधर्मावरून हवा तो संच निर्माण करण्याची मोकळीक काढून घेतली गेली. आधी हाती असलेल्या संचातूनच घटक वेगळे काढता येतात, असा निर्बंध आला.

आमच्या उत्तरपत्रिकांत 'विश्वसंच य मानू' ही ओळ आरंभी नसली की अर्धा गुण जाई, आणि तो जाण्याचे कारण वर्षभर कोणालाही कळले नव्हते; अ चा पूरक म्हणजे अ मध्ये नसलेले सगळे, एवढे म्हणून का भागू नये, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता. अखेरच्या आठवड्यात प्राध्यापकांनी फ्रेगची हकीकत सांगितली आणि ते 'सगळे' किती धोक्याचे आहे ते दाखवून दिले. हे पहिल्याच आठवड्यात का सांगितले नाही, असे मी त्यांना तासानंतर विचारले. नवशिक्याला आधी नियम अंगवळणी पडावा आणि मग त्याचे कारण कळावे, उलटे झाले तर तो कारणाचीच चर्चा करीत बसतो आणि लिहावयास शिकत नाही, असे त्यांचे मत होते. मला ते तेव्हा पटले नाही, आणि पुढे स्वतः मुलांना थोडेफार शिकवण्याचा प्रसंग आल्यावरही पुरते पटलेले नाही. मी त्यांना फ्रेगची गोष्ट आरंभीच सांगतो. तीसपैकी पंचवीस मुले ती ऐकून विसरतात, आणि विश्वसंचाची ओळही विसरतात. उरलेल्यांपैकी एखादा मात्र दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो की, त्सेर्मेलोने घातलेला निर्बंध पुरेसा आहे हे कोणी सिद्ध केले आहे काय.